रंगभूमी आणि पडदा गाजवलेल्या नटाचा चरित्रलेख कसा लिहावा

नटाचा चरित्रलेख लिहायला बसणारा माणूस बहुधा चित्रपटांच्या यादीपासून सुरुवात करतो, कारण ती यादी आयती मिळते. माझ्या मते सुरुवात नाटकांपासून करावी. चित्रपट आजही लावून पाहता येतो. प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो आणि त्याच्या खुणा गोळा करण्यातच सगळा वेळ जातो. डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण समोर ठेवून हे काम कसे करावे ते सांगतो.

प्रथम एका वहीत प्रत्येक नाटकासाठी नाटककार, दिग्दर्शक, संस्था, भूमिका आणि पहिल्या प्रयोगाचा दिनांक व स्थळ असे रकाने आखावेत. ते भरण्याचे भरवशाचे साधन म्हणजे नाटकाचे छापील पुस्तक. मराठी नाटकांच्या पुस्तकांत आरंभीच्या पानांवर पहिल्या प्रयोगाची माहिती आणि पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. पहिल्या अंकाच्या ओढीने बहुतेक वाचक ते पान उलटून टाकतात. ‘नटसम्राट’पुरते सांगायचे तर वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात रंगमंचावर आणले, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते, आणि नाटकाचा नायक बेलवलकर व त्याची पत्नी कावेरी ही जोडी लागू आणि शांता जोग यांनी उभी केली. आता या तारखेतून लागूंची जन्मतारीख, म्हणजे १६ नोव्हेंबर १९२७, वजा करावी. उत्तर येते त्रेचाळीस. निवृत्त, थकलेल्या, घरोघर उपरा ठरलेल्या नटाची भूमिका करणारा माणूस स्वतः त्रेचाळीस वर्षांचा होता, ही गोष्ट ‘अजरामर भूमिका’ या शब्दांपेक्षा वाचकाला पुष्कळ अधिक सांगून जाते.

पुस्तकातून पहिला प्रयोग कळतो, पुढचे कळत नाहीत. त्यासाठी ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढून नाटकांच्या जाहिराती पाहाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. गाजलेली भूमिका पुढे दुसऱ्याकडे जाते. बेलवलकरांची भूमिका नंतर दत्ता भटांसह अनेकांनी केली. म्हणून एखादे परीक्षण हाती आले की त्या दिवशी रंगमंचावर कोण होते, हे आधी ताडून पाहावे. मी स्वतः एकदा एका नटाच्या अभिनयाची मनसोक्त वाखाणणी उद्धृत केली आणि लेख छापून आल्यावर कळले की ते परीक्षण बदली नटाच्या प्रयोगाचे होते.

यानंतर हौशी, प्रायोगिक आणि व्यावसायिक असे तीन धागे वेगळे करावेत. लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते, आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी वैद्यकी केली, आणि १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. हे एवढेच लिहिले, तर डॉक्टरीचा कंटाळा आलेला माणूस एका सकाळी नट झाला, असा भलताच समज होतो. पुण्यात भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि मुंबईत ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेत दवाखाना सांभाळून केलेली नाटके लेखात आली, तरच १९६९चा निर्णय समजतो.

एखाद-दुसरा प्रसंग मात्र जवळून दाखवावा. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ लागूंनी १९७० मध्ये दिग्दर्शित केले, तेव्हा रमाच्या लुगड्यावर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागावर परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, आक्षेप घेतला. तोडगा असा निघाला की डाग निळा करायचा आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना आधीच सांगायचे. निर्मितीतला धीटपणा आणि मिस्कीलपणा दोन्ही या निळ्या डागात दिसतात. त्याला विशेषणांची जोड देऊ नये.

चित्रपटांकडे वळताना सालांची काळजी घ्यावी. ‘सामना’पुढे कुठे १९७४, तर कुठे १९७५ आढळते, कारण कुणी निर्मितीचे साल धरतो, कुणी प्रदर्शनाचे. आपण कोणते धरले आहे ते एकदा सांगावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे. लागूंचे हिंदी चित्रपटच शंभराच्या वर जातील. त्यांची जंत्री लेखात कोंबू नये. ‘घरौंदा’साठी मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार किंवा ‘गांधी’तील गोपाळ कृष्ण गोखले यांचा उल्लेख एका वाक्यात उरकता येतो. जागा द्यावी ती तुलनेला. ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘सामना’ या दोहोंत ते मास्तरच आहेत, पण पहिला मास्तर आदर्शाच्या उंचीवरून तमाशाच्या फडात घसरतो आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाचा आरोपी ठरतो, तर दुसरा आधीच मोडलेला, दारूच्या आहारी गेलेला असूनही निळू फुल्यांच्या हिंदुरावांना प्रश्न विचारायचे सोडत नाही. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहून आवाज, चाल आणि नजर यांच्या नोंदी कराव्यात. आठवणीवर विसंबून लिहू नये.

आत्मचरित्र असेल तर ते सगळ्यांत शेवटी वाचावे, असा माझा आग्रह आहे. लागूंचे ‘लमाण’ इतके प्रभावी आहे की ते आधी वाचल्यास आपला लेख त्याचाच सारांश होऊन बसतो. वही भरल्यावर वाचले, तर नट हा इकडचा माल तिकडे पोचवणारा लमाण, ही त्यांची भूमिका आपण जमवलेल्या नोंदींवर घासून पाहता येते. तारखांच्या बाबतीत मात्र आत्मचरित्र आणि जाहिरात यांत फरक पडला, तर जाहिरातीवर विश्वास ठेवावा.

लेखाच्या शेवटी भूमिकांचा तक्ता जोडावा आणि जो रकाना भरला नाही, तो रिकामाच छापावा. तेथे ‘सुमारे’ लिहून अंदाजाचे साल घातले, तर पुढचा लेखक ‘सुमारे’ गाळून तेच साल उतरवून घेतो.