आधी घडी उलगडा, मग चहा घ्या: जुने कपडे घेताना या चुका टाळा

दर लग्नसराईत कुणी ना कुणी पिशवी घेऊन माझ्या मशीनसमोर येऊन बसतं. पिशवीत फोनवर पाहून घेतलेला "एकदाच नेसलेला" शालू असतो आणि प्रश्न ठरलेला, "ताई, याचं काही करता येईल का?" मी आर्वी तालुक्यात शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज, जुन्या साड्यांचे परकर. फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स, गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप यांवरून स्वतःही जुने कपडे घेते. त्यामुळे या चुका मला दोन्ही बाजूंनी माहीत आहेत.

जुनं घेण्यात कुणाला कमीपणा वाटत असेल तर सांगते, भांडेवाली दारात बसून जरीच्या साडीवर स्टीलचा डबा द्यायची, तेव्हापासून हा व्यवहार आपल्या ओसरीवर चालू आहे. तिची पारखी नजर मात्र आपल्याकडे नाही. ती साडी उन्हात धरल्याशिवाय डब्याला हातही लावू देत नसे.

चूक पहिली: भिडेखातर घेणं

लोक फसवणुकीला घाबरतात. मी पाहिलेले बहुतेक पैसे भिडेत गेलेत.

२०१९ मध्ये भाचीचं लग्न होतं. बस्ता झाला, त्यात आम्हा मावश्यांच्या वाट्याला नेहमीप्रमाणे जेमतेम साड्या आल्या. मांडवात नेसायला काही भारी हवं म्हणून मी फोनवर शोधत होते. राणी रंगाचा शालू दिसला, २,५०० रुपये. अंतर दाखवत होतं १९ किलोमीटर. ॲप सरळ रेषेत मोजतं हो, आणि मधे आमची वर्धा नदी. पुलावरून फेरा घेत दोन एसट्या बदलून पोचले तर साडेचार वाजलेले, लाइन गेलेली.

बाई फार चांगली. "बसा ना ताई, चहा मांडते." चहा झाला, चिवडा झाला. बोलता बोलता तिचं माहेर माझ्या आतेच्या गावचं निघालं. मग शालू बाहेर आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानातून आणल्यासारखा घडी घातलेला. मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये पदर पाहिला, दोन घड्या उघडल्या. जर चमकत होती. परतीची गाडी सव्वापाचची. आणि जिच्या घरचा चिवडा खाल्ला तिच्यासमोर सगळी साडी उलगडून कशी तपासायची? पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाटेवर शालू पसरला. प्रत्येक घडीवर ब्लेडने कापल्यासारखी बोटभर चीर. एकाखाली एक, सरळ रांगेत. बाकीचं कापड इतकं विरलेलं की खालून तळवा लावला तर हातावरच्या रेषा दिसत होत्या. अकरा वर्षं तो त्याच घडीत पडून होता. रेशीम एकाच जागी दुमडून राहिलं की तिथेच तुटतं, जरीचं असेल तर लवकरच.

फोन केला. ती म्हणाली, "अवो ताई, इथून नेली तवा त साबूत होती." ती खोटं बोलत नव्हती. अकरा वर्षांत तिनेही ती घडी उलगडली नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. सकाळच्या गाडीने जायचं. दारातच सांगायचं, "पाणी द्या, चहा साडी पाहिल्यावर घेते." आजवर एकाच घरी नाक मुरडलं. मग साडी अंगणात आणायची, घरातल्याच कुणाला एक टोक धरायला लावायचं आणि उन्हाकडे करून पाच-साडेपाच मीटर पूर्ण पाहायची. घडीच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकं ताणायचं. बारीक "चर्र" ऐकू आलं की साडी परत. निऱ्यांचा भाग आणि फॉलची शिवण शेवटी, कारण पायाखाली तेच येतं.

पोरी म्हणतात, "व्हिडिओ कॉलवर पाहिलं की झालं ना मावशी." नाही झालं. व्हिडिओत चीर दिसत नाही, विरलेलं कापड दिसत नाही आणि वास तर येतच नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, तेव्हा जायला परवडत नाही हेही मला सांगू नका. फक्त निघण्याआधी अंतर रस्त्याने किती ते पाहा आणि परतीची गाडी विचारून ठेवा. घाईत पाहिलेलं न पाहिल्यासारखंच.

चूक दुसरी: "प्युअर" वाचून भाव मान्य करणं

जाहिरातीत सगळंच प्युअर असतं. त्यातही "आर्ट सिल्क" वाचून लोक खूश होतात, काही कलाकुसर असेल म्हणून. तो आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, नकली रेशीम.

पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि तिथेच काडीने जाळा. खरं रेशीम केस जळाल्यासारखं वास मारतं आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. धागा द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी घेत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्कचं लेबल वापरलेल्या साडीवर बहुधा उरलेलं नसतं, त्यामुळे नुसतं लेबल नाही म्हणून साडी नाकारू नका.

भंडारा-नागपूरकडची टसर रेशमाची करवतकाठी साडी घरात पडून असते आणि स्वस्तात मिळते, कारण नव्या सुनांना ती फिकी वाटते. त्यांची मर्जी. पण काठावरचे करवतीचे दाते विणलेले आहेत की छापलेले, ते उलटून पाहा. विणलेले असतील तर मागूनही तेवढेच ठसठशीत दिसतात, छापलेले मागून पुसट.

चूक तिसरी: लेबलावरच्या मापावर जाणं

एका कंपनीचं एक्सएल दुसरीच्या एलएवढं असतं. कपडा जमिनीवर सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत किती इंच, ते विचारा आणि दुप्पट करा. माझ्या मोबाइलच्या कव्हरमध्ये अंगाला नीट बसणाऱ्या एका कुर्त्याची मापं लिहिलेली चिठ्ठी कायम असते. शिवाय शिवणीत आत माया, म्हणजे सोडलेलं जादा कापड, किती ते विचारायचं. दोन्हीकडे इंचभर माया असेल तर मी घट्ट कपडासुद्धा घेते. माया नसेल तर कितीही सुंदर असो, सोडून देते. धुतलेलं सूत आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, हा जुन्या कपड्याचा फायदा कुणी मोजत नाही.

चूक चौथी: आधी पैसे पाठवणं

"मिलिटरीत आहे, बदली झाली, सगळं विकून राहिलो, टोकन टाका." ही गोष्ट मी इतक्यांदा वाचली आहे की आता शब्द न शब्द पाठ आहे. टोकन टाकू नका. आणि "पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बाकीचं थोडक्यात. लग्नाचे कपडे आषाढात शोधा, वैशाखात नाही. रंगाची खात्री ट्यूबलाइटच्या फोटोवरून करू नका. ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूला घासा, रंग लागला तर इतर कपड्यांत धुवायचा विचार सोडा. काखेतले जुने पिवळे डाग निघत नाहीत, विकणारी काहीही म्हणो. शेरवानी विकत घेऊ नका, भाड्याने आणा. शाळेचे गणवेश मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाहा. आपल्याकडच्या, विदर्भातल्या शाळा पुण्या-मुंबईनंतर उघडतात, तोवर आयांना आवरासावर करायला वेळ मिळालेला असतो.

आणलेलं थेट कपाटात टाकू नका. सुती असेल तर धुऊन दिवसभर कडक उन्हात, रेशीम सावलीत वाऱ्यावर. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

त्या राणी शालूचा पदर तेवढा धड होता. त्यातून दोन ब्लाउज निघाले आणि भाचीच्या मुलीला एक परकर. परकराची माया दोनदा उसवून झाली, अजून एकदा उसवता येईल.