डीफ्रॅगनंतर नॅसमधली जागा गेली कुठे, आणि ती परत कशी आणायची

डीफ्रॅग म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं. त्यात नवं काही साठत नाही, त्यामुळे जागा होती तेवढीच राहील असं कुणालाही वाटेल. पण नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) बीटीआरएफएस ही फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, असेल आणि स्नॅपशॉट (फोल्डर त्या क्षणी जसं होतं तसं धरून ठेवणाऱ्या नोंदी) चालू असतील, तर डीफ्रॅग जागा खातं, आणि थोडीथोडकी नाही. ती हरवत नाही, जुन्या स्नॅपशॉटांकडे अडकून पडते. सोडवता येते. फक्त घाबरून फाइली डिलीट करायला लागू नका. स्नॅपशॉट असेपर्यंत फाइल उडवली तरी तिचे ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) सुटत नाहीत. फोटो दिसेनासे होतात आणि डिस्क भरलेली ती भरलेलीच.

माझ्या धाकट्या भावाचा नॅस उदाहरणाला घेतो. 4 टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), म्हणजे हाताशी साधारण 3.6. (उरलेली 0.4 कुणी चोरलेली नाही. डिस्कवरचा टीबी दशमान हिशोबाचा, स्क्रीनवरचा 1024 च्या हिशोबाचा.) फोटो आणि व्हिडिओ मिळून 1.4 टीबी. रोजचा एक स्नॅपशॉट आपोआप निघायचा. सेटिंगमध्ये डीफ्रॅगचं बटण दिसलं, साहेबांनी रात्री ते दाबलं आणि झोपले. सकाळी फोन: "दादा, मी एकही फाइल टाकली नाही, तरी सव्वा टीबी कमी दिसतंय."

झालं होतं ते असं. स्नॅपशॉट घेताना डेटाची प्रत निघत नाही. चालू फोल्डर आणि स्नॅपशॉट दोघंही डिस्कवरच्या त्याच ब्लॉककडे बोट दाखवतात; एका खोलीच्या दोन किल्ल्या म्हणा. डीफ्रॅग फाइल उचलून दुसरीकडे सलग लिहितं आणि चालू फोल्डरला नव्या खोलीची किल्ली देतं. जुनी खोली मात्र रिकामी होत नाही, कारण तिची किल्ली स्नॅपशॉटकडे आहेच. एकच फोटो आता दोनदा जागा अडवतो. स्नॅपशॉटांनाही सोबत हलवणारं डीफ्रॅग लिनक्सच्या 3.9 कर्नेलमध्ये (गाभ्यात), 2013 साली, आलं होतं. पण स्नॅपशॉट खूप असले की ते मेमरी आणि वेळ दोन्ही बेसुमार खायचं, म्हणून 2014 मध्ये 3.14 पासून बंद केलं. आज बटण दाबलंत तर ब्लॉकचं हे वाटून घेणं तुटणार, हे गृहीत धरा.

आधी निदान पक्कं करा. नॅसच्या स्टोरेज पानावर व्हॉल्यूमचा फाइलसिस्टम प्रकार लिहिलेला असतो. तो ईएक्सटी4 (दुसरी एक फाइलसिस्टम) असेल आणि स्नॅपशॉट नसतील, तर डीफ्रॅगवर संशय घेऊ नका. रीसायकल बिन, लॉग आणि अर्धवट राहिलेले बॅकअप बघा. काही नॅस ईएक्सटी4 च्या खाली, ब्लॉकच्या पातळीवर स्नॅपशॉट घेतात. तिथे मात्र दुखणं हेच: ब्लॉक हलला की जुना जपून ठेवला जातो.

बीटीआरएफएस असेल तर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा टाईप करायची सोय) आत शिरा. आज्ञा टाईप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत. इथे उच्चाराप्रमाणे देतोय. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम डीयू -एस' आणि पुढे शेअर केलेल्या फोल्डरचा मार्ग. तीन आकडे येतात: टोटल, एक्सक्लुझिव्ह (फक्त याच फोल्डरकडे असलेलं) आणि सेट शेअर्ड (वाटून घेतलेलं). स्नॅपशॉट असलेल्या निरोगी फोल्डरात एक्सक्लुझिव्ह छोटा आणि शेअर्ड मोठा असतो. भावाकडे उलटं होतं: टोटल 1.4 टीबी, त्यातला एक्सक्लुझिव्ह तब्बल 1.2. म्हणजे बहुतेक सगळं फोल्डर स्नॅपशॉटांपासून वेगळं पडलं होतं. लिनक्सच्या नुसत्या 'डीयू' किंवा 'डीएफ' या आज्ञांवर विसंबू नका. 'डीयू' वाटून घेतलेला ब्लॉक प्रत्येक ठिकाणी पुन्हा मोजतो, आणि 'डीएफ' भरलंय एवढंच सांगतो, कुणी भरलं ते नाही.

आता स्नॅपशॉट काढायचे, आणि लोक अडकतात ते इथेच. सगळ्यात जुना एक काढतात, जागा हलत नाही, मग 'हा उपाय खोटा' म्हणून सोडून देतात. जुनी प्रत एका स्नॅपशॉटकडे नसते, डीफ्रॅगच्या आधीच्या सगळ्या स्नॅपशॉटांमध्ये ती सामाईक असते. त्यातला शेवटचा जाईपर्यंत बहुतेक जागा सुटत नाही. म्हणून प्रत्येक स्नॅपशॉटसमोर एक्सक्लुझिव्ह जवळजवळ शून्य दिसला तरी फसू नका. डीफ्रॅग कधी सुरू झालं ते लॉगमध्ये बघा. त्याआधीचे सगळे स्नॅपशॉट जायला हवेत. डीफ्रॅग पूर्ण झाल्यानंतरचे नव्या प्रतीवरच उभे आहेत, ते खुशाल राहू द्या. डीफ्रॅग चालू असताना एखादा निघाला असेल, तर तोही जुन्यांतच धरा.

काढण्यापूर्वी दोन गोष्टी. वेगळ्या डिस्कवर बॅकअप आहे ना, आणि तो उघडतो ना, ते एकदा बघा. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. दुसरं, स्नॅपशॉट दुसऱ्या नॅसवर पाठवले जात असतील, तर दोन्हीकडे असलेला शेवटचा स्नॅपशॉट लगेच काढू नका. तो गेला तर पुढच्या वेळी सगळा डेटा नव्याने पाठवावा लागतो. आधी ताजा स्नॅपशॉट घेऊन तो तिकडे पोहोचू द्या, मग जुन्याला हात लावा. लॉक केलेले स्नॅपशॉटही तपासा, ठरलेली मुदत संपली तरी ते आपोआप जात नाहीत.

नॅसच्या स्वतःच्या स्नॅपशॉट पानावरूनच काढा. आज्ञेने काढले तर नॅसच्या यादीत भुताटकी राहू शकते. आणि काढल्या काढल्या आकडा बघत बसू नका. बीटीआरएफएस ब्लॉक मागाहून सावकाश मोकळे करतं, मोठ्या व्हॉल्यूमवर त्यात तासही जातात. 'बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम लिस्ट -डी' आणि पुढे व्हॉल्यूमचा मार्ग दिला की काढलेले पण अजून साफ न झालेले दिसतात. ती यादी रिकामी झाली की मग हिशोब करा. तोवर नॅस रीस्टार्ट करून काही लवकर होत नाही.

डिस्क अगदी काठोकाठ भरलेली नसेल तर याहून सोपा मार्ग आहे: काहीच करू नका. तीस दिवसांचे स्नॅपशॉट ठेवायचं सेटिंग असेल तर महिन्याभरात जुने आपोआप गळतील आणि जागा परत येईल. मला हाच मार्ग आवडतो, पण भावाला धीर नव्हता.

बीटीआरएफएसचं बॅलन्स चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने अर्धवट भरलेले चंक (जागेचे मोठे गठ्ठे) एकत्र येतात, दुहेरी झालेला डेटा एक होत नाही. रीफ्लिंकने (मूळ फाइलचेच ब्लॉक वाटून घेऊन) केलेल्या प्रती डीफ्रॅगमध्ये सुट्या झाल्या असतील, तर त्यांच्यासाठी 'ड्यूपरिमूव्ह' हे सारखे ब्लॉक पुन्हा एक करणारं साधन आहे.

नॅसवर आयस्कझी लन (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला स्वतःच्या डिस्कसारखा दिसणारा जागेचा भाग) करून ती विंडोजला जोडली असेल, तर तिथे वेगळा प्रकार घडतो. लन थिन (जागा आधी न राखता लागेल तशी घेणारी) असेल तर विंडोजच्या आतलं डीफ्रॅग फाइली न वापरलेल्या जागी लिहितं, आणि लन फुगते. विंडोजला जागा मोकळी दिसते, नॅसला भरलेली. लनच्या सेटिंगमध्ये जागा परत घेण्याचा पर्याय चालू करा आणि विंडोजमध्ये अ‍ॅडमिन म्हणून 'डीफ्रॅग', ड्राइव्हचं अक्षर आणि '/एल' द्या. हे फक्त ट्रिम करतं, म्हणजे कोणती जागा मोकळी आहे ते नॅसला कळवतं. विंडोजचं ऑप्टिमाइझ मुळात दर आठवड्याला चालायचं ठरलेलं असतं, त्या ड्राइव्हपुरतं बंद केलेलं बरं.

फोटो आणि व्हिडिओ एकदा लिहिले की बदलत नाहीत, त्यांना डीफ्रॅगचा उपयोग जवळजवळ शून्य. खरे विखुरतात ते डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या फाइली. त्यांच्यासाठी स्नॅपशॉट नसलेलं वेगळं फोल्डर करा आणि डीफ्रॅग लागलंच तर तेवढ्यावरच चालवा. फोल्डर रिकामं असतानाच त्यावर 'सीएचअ‍ॅटर +सी' (हा शेवटचा सी मात्र कॅपिटल) लावलं तर विखुरणंच कमी होतं, पण त्या फाइलींचं चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायची खूण) जातं. किंमत परवडत असेल तरच. आणि स्टोरेजच्या सेटिंगमध्ये डीफ्रॅगचं वेळापत्रक असेल तर त्यावरची खूण आजच काढा, नाहीतर पुढच्या फेरीत पुन्हा हेच.