आजीचे कुणबी कापड भिंतीवर लावायचे असेल तर

पेटीतून आजीचे लाल-पांढऱ्या चौकड्यांचे कुणबी कापड, म्हणजे गोव्यातल्या कुणबी बायकांची सुती साडी, निघाले की पहिला मोह होतो तो धुण्याचा. थांबा. आधी ते पांढऱ्या चादरीवर पसरून उजेडात बघा. आमच्या कापडाचे काठ धडधाकट होते, पण खांद्यावर गाठ मारायची तिथले सूत पार विरले होते. कुठे विरलेय, कुठे कसर लागलीय, याचे फोटो काढून ठेवा.

मऊ ब्रशने धूळ झटका. मग ओला पांढरा कापूस एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. कापूस गुलाबी झाला, तर धुणे रद्द. लाल रंग पांढऱ्या सुतात उतरला की परत निघत नाही. रंग पक्का असेल तरच कापड नायलॉनच्या जाळीवर ठेवून रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवा, साध्या पाण्यातून दोन-तीनदा काढा आणि जाळीसकटच उचला. ओले जुने सूत स्वतःचे वजन पेलत नाही. पिळायचे नाही, सावलीत आडवे वाळवायचे.

रफूच्या फंदात पडू नका. घट्ट रफूने शेजारचे कुजके सूत फाटते. त्यापेक्षा मागून मलमलीचे अस्तर द्या. खळ निघेपर्यंत धुतलेली, रंगाने जवळची, विरलेल्या जागेपेक्षा चार बोटे मोठी. बारीक सुई, एकेरी सुती धागा. सुटलेल्या सुतांवर लांब, सैल टाका घाला आणि तो अधूनमधून आडव्या इवल्या टाक्याने अस्तराला धरा. सुई दोन सुतांच्या मधून जायला हवी, सुतातून नव्हे. गाठीच्या सुरकुत्या मी इस्त्रीने मोडल्या नाहीत. आजी कापड कसे नेसायची ते त्यांच्यावरूनच कळते. नेसायला हवी तर गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशन शोमध्ये नेलेली ही साडी आता नवी विकत मिळते.

लावताना खिळे, टाचण्या, गोंद नको. मावशीचे कापड एका फ्रेमवाल्याने गोंदाने प्लायवूडला चिकटवून दिले, ते आता सोडवताही येत नाही. वरच्या काठामागे मांजरपाटाची पट्टी शिवा, पट्टीला वेल्क्रो, आणि वेल्क्रोची दुसरी बाजू लाकडी पट्टीवर. भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवा, कारण पावसात जांभ्याची भिंत घाम फुटल्यासारखी ओलावते. ऊन पडते ती भिंत टाळा.

मिरग लागायच्या आत कापड उतरवायचे. घडी न घालता मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवायचे. आमचे चतुर्थीनंतर, ऊन पडायला लागले की पुन्हा भिंतीवर येते.