मराठी शाळेतलं कन्नड वाचन: मुख्याध्यापकांनी मोबाइलच्या मदतीने कृती संशोधन कसं करावं

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी पट्ट्यातल्या मराठी शाळांत एखादं पाचवीचं मूल मराठीचा धडा घडाघडा वाचतं आणि कन्नडच्या पहिल्याच ओळीला अडतं, हे मुख्याध्यापकांना सांगायला नको. उपाय म्हणून स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ लागतात. त्यांनी फरक पडला का, असं विचारलं की 'मुलांना आवडतंय' एवढंच उत्तर मिळतं, कारण सुरुवातीला काहीच मोजलेलं नसतं. म्हणून तंत्रज्ञान आधी मोजण्यासाठी वापरा, शिकवण्यासाठी नंतर. कृती संशोधन म्हणजे आपल्याच कामात एखादा उपाय करून त्याचा परिणाम तपासणं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये त्याचं जे आवर्तन मांडलं, त्यातही कृतीनंतर तिचा परिणाम तपासूनच पुढची पायरी ठरते.

प्रश्न लहान करा

'विद्यार्थ्यांमध्ये कन्नडची गोडी निर्माण करणे' हे शीर्षक डी.एड.च्या फायलीत शोभतं, पण गोडी मोजणार कशी? त्याऐवजी असं लिहा: पाचवीच्या मुलांनी रोज 10 मिनिटं ध्वनिमुद्रण ऐकत, ओळीवर बोट ठेवून वाचलं, तर 3 आठवड्यांत मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द वाढतात का? एक वर्ग, एक उपाय, एक माप. बाकीचं पुढच्या वर्षी.

पूर्वचाचणी

सगळा जोर इथे लावा. एक इयत्ता खालच्या पातळीचे, मुलांनी न पाहिलेले, साधारण 80 शब्दांचे तीन सारख्या अवघडपणाचे उतारे निवडा: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वापरायला. तोच उतारा पुन्हा दिलात तर मुलं पाठ म्हणतात आणि प्रगती फुगते. कन्नडमध्ये प्रत्यय जोडून शब्द लांब होतात, त्यामुळे मराठी वाचनाच्या वेगाशी तुलना करू नका. मूल स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमका फोन वाजतो. मुलापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि एक मिनिट वाचन रेकॉर्ड करा. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी चाचणी नको. बसवण्या-उठवण्यासह एका मुलाला तीन मिनिटं धरली, तर 24 मुलांचे सव्वा तास होतात. दोन दिवसांत विभागा, पण वेळ सकाळचीच ठेवा. फाइलला मुलाचं नाव न देता हजेरी क्रमांक आणि तारीख द्या. पालकांची लेखी संमती आधी घ्या. मुलांचे आवाज शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कौतुकाने सुद्धा नाही.

गुण नंतर, निवांत ऐकून द्या. नुसते बरोबर शब्द मोजून भागत नाही. चूक कुठली तेही टिपा. मराठी मुलांच्या चुका ठरावीक असतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ओ, यांना वेगळी अक्षरं आहेत. मराठी कानाला तो भेद नसतो. दुसरी चूक ओत्तक्षराची, म्हणजे खाली लागणाऱ्या जोडाक्षराची. तिसरी सगळ्यांत मजेशीर: अर्कावत्तु, म्हणजे कन्नडमधला रफार. मराठीत रफार डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये ते चिन्ह अक्षरानंतर येतं. म्हणून खुद्द 'कर्नाटक' हा शब्दच मूल 'कनार्टक' असा वाचतं. पाच-सहा ध्वनिमुद्रणं दुसऱ्या शिक्षकाला किंवा सीआरपींना (शाळासमूहाच्या साधनव्यक्तींना) स्वतंत्रपणे तपासायला द्या. दोघांच्या मोजणीत मोठी तफावत आली तर चूक कशाला म्हणायचं ते आधी ठरवा.

उपाय

कन्नडच्या शिक्षकांनी आठवड्याला तीन छोटे उतारे सावकाश वाचून रेकॉर्ड करावेत; प्रत्येकी दीड-दोन मिनिटं, ओळीनंतर थोडं थांबून. फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा ब्लूटूथ स्पीकरवर लावा. घरच्या मोबाइलवर भिस्त ठेवू नका. तो वडिलांबरोबर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नाहीतर गोव्याला असतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. स्पीकर चार्ज करून ठेवणं ही कुणा एकाची नेमून दिलेली जबाबदारी असू द्या.

तुकडी एकच असते, मग तुलना कुणाशी? हजेरी क्रमांक सम असलेल्या मुलांना पहिले तीन आठवडे उपाय द्या, विषम क्रमांकांना पुढचे तीन. कुणी वंचित राहत नाही, आणि तिसऱ्या आठवड्याअखेरीस मधली चाचणी घेतली की फरक दिसतो.

जून-जुलै टाळा, खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत हजेरी ढासळते. चिक्कोडी, अथणीकडे ऊसतोड सुरू होण्याआधी आवर्तन संपवा.

आकडे वाचणं

एक्सेलमध्ये सहा रकाने पुरेत: क्रमांक, गट, तीन चाचण्यांचे आकडे, उपायाच्या दिवसांतली हजेरी. चुकांचे प्रकार वेगळ्या पानावर. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. घरी कन्नड बोलणारी दोन मुलं सरासरी उगाच वर ओढतात. मध्यकाला त्यांचा फारसा धक्का लागत नाही. हजेरी निम्म्याहून कमी असलेली मुलं वेगळी दाखवा, वगळू नका. एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत एकच आलेख ठेवा.

वेग वाढला पण ओत्तक्षराच्या चुका तशाच राहिल्या, तर नुसतं ऐकवणं पुरेसं ठरलेलं नाही. दुसऱ्या आवर्तनात त्याच शब्दांच्या पट्ट्या करा, जोडाक्षर लाल शाईने लिहा आणि ध्वनिमुद्रण 10 वरून 5 मिनिटांवर आणा.