कोर्टातलं लिमिटेशन म्हणजे काय आणि हातउसन्या पैशाची मुदत कशी मोजायची

आपण रोजच्या बोलण्यात लिमिटेशन म्हणतो ते मर्यादा या अर्थाने, म्हणजे "बजेटला लिमिटेशन आहे" वगैरे. पण वकील जेव्हा म्हणतो "तुमची केस लिमिटेशनमध्ये बसत नाही" तेव्हा तो मुदतीबद्दल बोलत असतो. दावा किती दिवसांत लावायचा हे मुदत कायदा, 1963 मध्ये ठरलेलंय. आमच्या मामांना हा फरक कळला तेव्हा 4 वर्षं होऊन गेली होती, समोरचा ओळखीचा, दर दिवाळीला "देतो देतो" म्हणायचा आणि मामा थांबत राहिले, म्हणून हे नीट लिहितोय.

आधी पैसे दिल्याची तारीख शोधा. हातउसने दिले आणि परत कधी द्यायचे ते ठरलंच नसेल, किंवा "मागशील तेव्हा देतो" असं ठरलं असेल, तरी मुदत पैसे दिल्यापासून 3 वर्षं. खूप जणांना वाटतं आपण मागितल्यापासून मोजायची, तसं नाहीये. परतफेडीची तारीख लिहून ठरली असेल तर मात्र त्या तारखेपासून मोजायची.

मोजताना पहिला दिवस सोडायचा. समजा 10 मे 2023 ला पैसे दिले तर शेवटचा दिवस 10 मे 2026. आता तो रविवार आहे, कोर्ट बंद, मग कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा लावला तरी चालतो. पण प्लीज इतकं ताणू नका, कागदपत्रं जमवण्यातच महिना जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत वाढत नाही, दहा नोटिसा पाठवा तरी नाही आणि तोंडी "देतो" म्हटल्यानेही नाही. वाढते ती लेखी कबुलीने. मुदत संपायच्या आत समोरच्याने "मी अमुक इतके पैसे देणं लागतो" असं लिहून सही केली तर सहीच्या तारखेपासून नवीन 3 वर्षं सुरू होतात (कलम 18). थोडे पैसे परत दिले तरीही तसंच (कलम 19), पण त्या भरण्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी पाहिजे, म्हणजे रोख पाच हजार हातावर टेकवले आणि कागदच नाही तर उपयोग नाही. म्हणून मी सांगतो, नातं कितीही जवळचं असो, दर वर्षी एक सहीचा कागद घ्याच, तारखेसकट. मागायला लाज वाटते हे मला माहितीये, मामांनाही वाटायची.

मुदत गेलीच तर कर्ज पुसलं जात नाही, कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो दावा फेटाळावाच लागतो (कलम 3). पण त्याने नंतर लेखी सहीनिशी "ते जुने पैसे देईन" असं वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम 25(3) प्रमाणे ते चालतं, म्हणजे अगदीच आशा सोडू नका.

आणि उशीर माफ करून घेऊ असं कुणी म्हटलं तर नीट विचारा कशाला. विलंब माफी अपिलाला आणि अर्जाला मिळते, मूळ दाव्याला नाही. जिल्हा कोर्टातल्या दिवाणी अपिलाला 30 दिवस असतात, त्यातून निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, त्यामुळे नकलेचा अर्ज लगेच टाका.

जमिनीचं गणित वेगळं. मालकीच्या जागेवर दुसऱ्याने मालक असल्यासारखा उघड कब्जा ठेवला तर ताब्याच्या दाव्याला 12 वर्षं, आणि तिथे मुदत गेली की हक्कच जातो (कलम 27). गावाकडे भावकीतल्या कुणी बांध सरकवला असेल आणि तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर हा आकडा लक्षात ठेवा आणि सातबारा काढून वकिलाला दाखवा, पुढच्या सुट्टीत नाही, या महिन्यात.