दारू पिऊन वाहन चालवल्याचा पहिला गुन्हा: कायदा काय करतो आणि बचाव कशावर उभा राहतो

नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकर मारली आणि आकडा तीसच्या वर गेला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘दंड किती आणि कुठे भरायचा’ असा असतो. हेल्मेट किंवा सिग्नलच्या ई-चलनासारखा हा दंड मोबाइलवरून भरता येत नाही, पोलिसांना तो जागेवर घेता येत नाही, आणि लोकअदालतीत तो निम्म्यावरही येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये ज्या गुन्ह्यांत तडजोड होऊ शकते त्यांची यादी आहे आणि तीत कलम १८५ नाही. त्यामुळे प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यासमोरच जाते. ‘ओळखीने मिटवून देतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देणे म्हणजे दुसऱ्या गुन्ह्यात पाय घालणे होय.

कलम १८५ नुसार वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल चाचणीत आढळले, तर गुन्हा होतो. चालक शुद्धीत होता, गाडी सरळ चालत होती, घर दोन चौकांवर होते, यांपैकी काहीही इथे उपयोगाचे नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. अमली पदार्थाच्या बाबतीत असा ठरावीक आकडा नाही. तिथे वाहनावर योग्य ताबा ठेवता न येण्याइतका प्रभाव होता का, एवढेच पाहिले जाते.

दंडाच्या रकमेकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण नोकरदार माणसाला खरा फटका परवान्याचा बसतो. कलम २० नुसार या गुन्ह्यात दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने चालकाला किमान सहा महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्र ठरवावे, असे कायदाच सांगतो. याशिवाय कलम २०६ खाली पोलीस परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवतात आणि तिथे कलम १९ खालची वेगळी कारवाई सुरू होते. जप्तीच्या वेळी मिळणारी पोचपावती जपून ठेवावी. मात्र तिच्या आधारावर गाडी चालवता येते, हा समज चुकीचा आहे. परवाना परत मिळेपर्यंत ती पावती वाहन चालवण्याचा अधिकार देत नाही. आरटीओने अपात्रतेचा आदेश काढण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यावर अपील करता येते. या नोटिशीकडे दुर्लक्ष होते, कारण सगळे लक्ष न्यायालयाच्या तारखेकडे लागलेले असते.

पहिले दोन तास

या खटल्याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांत तयार झालेल्या कागदांवर ठरतो. पोलीस अधिकारी गणवेशात असला पाहिजे, आणि चालकाने मद्यपान केल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असले पाहिजे. अटक झाल्यास कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. दोन तास उलटले म्हणून खटला आपोआप पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. कायद्याने त्याचा परिणाम कोठडीतून सुटका एवढाच सांगितला आहे. तरीही अटक, फुंकर-चाचणी आणि तपासणी यांच्या नेमक्या वेळा स्वतः टिपून ठेवाव्यात, कारण पुढे उलटतपासणीत त्याच कामाला येतात.

चाचणीला नकार देण्याचा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात, आणि तो वाईट सल्ला आहे. कलम २०५ नुसार वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती मानता येतो, शिवाय नकारानंतरही संशयावरून अटक होऊ शकते. त्याऐवजी चाचणी शांतपणे द्यावी, यंत्राची छापील पट्टी आणि तीवरील वेळ पाहूनच सही करावी, आणि खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश नुकतेच घेतले असेल तर तसे लगेच सांगून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी, कारण तोंडातले अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत ओसरते. महिला चालकाचा रक्तनमुना महिलेनेच किंवा महिलेच्या उपस्थितीतच घेतला जावा, अशी कायद्यात तरतूद आहे. गाडी सोबतच्या न प्यालेल्या, परवानाधारक व्यक्तीकडे सोपवण्याची विनंती करता येते. गाडी अडकवून ठेवली गेल्यास न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांगितल्यावर ती हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवावी लागते. प्यालेल्या माणसाच्या हाती किल्ली देणाऱ्यानेही सावध राहावे, कारण या गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यास कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे.

गुन्हा जामीनपात्र असल्याने जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. प्रकरण कुठे चालणार हे राहत्या पत्त्यावर नव्हे, तर अडवले गेलेल्या जागेवर ठरते: घोडबंदर रस्त्यावरचे ठाण्यात, पाम बीच मार्गावरचे बेलापूरच्या न्यायालयात, आणि आनंदनगर नाका ओलांडून मुलुंडच्या हद्दीत अडवले असेल तर मुंबईत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

बचाव कशावर

पहिल्या तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळे होण्याची घाई करू नये, कारण कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांपुरतेच अपील करता येते; दोषी ठरवण्याला आव्हान देता येत नाही. आधी कागद मागवावेत: चाचणीची पट्टी, अटकेचा पंचनामा, वैद्यकीय अहवाल, रक्तनमुना घेतला असल्यास प्रयोगशाळेचा अहवाल. मग वकिलासोबत बसून त्यांतली भोके शोधावीत.

यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे आहे का आणि त्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे यंत्र अचूक मोजते याचा दाखला, चाचणीच्या दिवशी वैध होते का, हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. पट्टीवरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळत नसेल, तर सरकार पक्षाची अडचण होते. रक्ताच्या बाबतीत त्वचा पुसायला स्पिरिट वापरले होते का, नमुन्यात परिरक्षक (नमुना खराब होऊ न देणारे रसायन) घातले होते का, मोहोर केव्हा लावली, तो प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोचला आणि मधल्या काळात कुठे होता, हे विचारावे. चाचणी उशिरा झाली असेल तर आणखी एक मुद्दा निघतो: शेवटच्या घोटानंतर रक्तातले प्रमाण काही काळ वाढत राहते, त्यामुळे तासाभराने मिळालेला आकडा वाहन चालवतानाचाच होता असे गृहीत धरता येत नाही. मात्र आकडा शंभराच्या घरात असेल तर या युक्तिवादाने न्यायाधीशाचे मन वळेल, अशी आशा धरू नये.

चाचणीच झाली नसेल आणि डॉक्टरने केवळ वास, अडखळती चाल व तारवटलेले डोळे एवढेच लिहिले असेल, तर बचाव बळकट असतो. रक्त किंवा लघवीच्या तपासणीशिवाय अशा लक्षणांवरून निष्कर्ष काढणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या एका निकालात म्हटले आहे. विम्याच्या भांडणात हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, चाचणी नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यांवरून चालक नशेत होता हे सिद्ध करू शकते, असे ठरवले. बंद उभ्या गाडीत झोपलेला माणूस ‘चालवत’ होता की ‘चालवण्याचा प्रयत्न’ करत होता, हाही लढवण्याजोगा मुद्दा आहे. या गुन्ह्याची दखल घेण्यास एक वर्षाची मुदत असल्याने दोषारोपपत्राची तारीखही पाहावी.

कागद निर्दोष आणि आकडा स्पष्ट असेल तर वर्षभर तारखा घालवण्यापेक्षा कबुली देऊन शिक्षा सौम्य ठेवण्याची विनंती करणे शहाणपणाचे. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, पोलिसांशी सहकार्य, घरातील एकमेव कमावती व्यक्ती, या गोष्टी लेखी आणि पुराव्यानिशी मांडाव्यात, म्हणजे कैदेऐवजी दंडावर भागण्याची शक्यता वाढते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणीही करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला जोडून येणारी अपात्रता टळू शकते, म्हणून परवान्यावर पोट असलेल्या चालकाच्या वकिलाने ती मागणी जरूर करावी, जरी न्यायालये या गुन्ह्यात ती सहजी मान्य करत नाहीत.

अपघात होऊन कुणी जखमी किंवा मृत झाले असेल, तर हे मार्गदर्शन अपुरे आहे. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात, मृत्यू झाल्यास १०६ खाली पाच वर्षांपर्यंत आणि १०५ लागल्यास त्याहून पुष्कळ जास्त शिक्षा असते, आणि पहिल्या तासापासून फौजदारी वकील सोबत असावा लागतो. दोष सिद्ध होऊन शिक्षा झालीच, तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करावे आणि त्याच अर्जासोबत परवान्याच्या अपात्रतेला स्थगिती मागावी.