पहिल्या नेमणुकीवर ध्येये कशी आखावीत : बडोद्याहून परराष्ट्र सेवेत जाणाऱ्यांसाठी

'द्विपक्षीय संबंध दृढ करणे' एवढं लिहून नवा अधिकारी मोकळा होतो आणि वर्षअखेर नेमकं काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. सेंट्रल लायब्ररीत बसून यूपीएससीची तयारी करणाऱ्यांनी मुलाखतीतही हे वाक्य टाळावं. काम कोणतं आणि कधीपर्यंत, हे बहुतेकांना सुचतं. समोरच्या देशात ते कुणाच्या सहीने होतं, हे शोधायचं मात्र राहून जातं, आणि काम अडतं ते तिथेच.

स्पेनचं उदाहरण घेऊ, कारण बडोद्याशी त्याचा थेट संबंध आहे. सप्टेंबर २०२१ च्या करारानुसार हवाई दलाला ५६ सी-२९५ मालवाहू विमानं मिळायची होती : १६ सेव्हिलहून तयार, ४० बडोद्यात बांधून. २८ ऑक्टोबर २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी इथल्या कारखान्याचं उद्घाटन केलं. फोटो छापून आले, पण माद्रिदच्या आपल्या दूतावासातल्या द्वितीय सचिवाचं (म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याचं) खरं काम अशा दिवसानंतर सुरू होतं. स्पॅनिश अभियंता इथे महिनोन् महिने काम करणार असेल तर त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. घाईत बिझनेस व्हिसा काढून दिला तर पुढे तोच अडकतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या अशा व्हिसावर आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी करायची असते, हे त्याला विमानात बसण्याआधी कळायला हवं. कुटुंब सोबत येणार असेल तर त्यांचे अर्जही त्याच वेळी घ्या.

आता ध्येय लिहा : 'मकरपुरा जीआयडीसीतल्या, एएस ९१०० प्रमाणपत्र असलेल्या पाच कारखानदारांची सहा महिन्यांत सेव्हिलच्या विमान कारखान्याच्या पुरवठादार विभागाशी बैठक.' विमानउद्योगातल्या गुणवत्तेच्या या प्रमाणपत्राची अट आधीच घाला. विमानाच्या सुट्या भागांच्या खरेदीत ते नसेल तर बोलणी पहिल्याच भेटीत संपतात, आणि पुढच्या वेळी दूतावासाच्या शिफारशीला वजन राहत नाही.

याउलट 'स्पेनकडून आयातशुल्क कमी करून घेणे' हे ध्येय माद्रिदमध्ये बसून लिहिणं व्यर्थ. युरोपीय संघाचं व्यापारधोरण ब्रुसेल्समध्ये ठरतं. तसंच शिक्षण : स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आहेत आणि विद्यापीठांचा बराचसा कारभार त्यांच्या हातात आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण घडवायची असेल तर माद्रिदच्या मंत्रालयापेक्षा संबंधित विद्यापीठ आणि प्रादेशिक सरकार गाठा. ऑगस्टमध्ये कुणी भेटेल अशी आशा धरू नका. कार्यालयं अर्धी रिकामी असतात.

सामंजस्य करारांचा मोह आवरा. सही होते, फाइल बंद होते आणि साधारण तीन वर्षांनी दोन्हीकडचे अधिकारी बदलले की कराराला वालीच उरत नाही. मसुद्यातच तीन ओळी घालून घ्या : पैसे कोण देणार, दोन्हीकडे जबाबदार पद कोणतं, पहिला आढावा कोणत्या महिन्यात. समोरचा या ओळींना नाही म्हणत असेल तर त्याला करार नको, फोटो हवा आहे, असं समजावं.

सांस्कृतिक कार्यक्रमाचं यश गर्दीवर मोजू नका. सभागृह भारतीयांनीच भरलं असेल तर आनंद आहे, पण ते वेगळं काम. निम्म्या खुर्च्या स्थानिक लोकांसाठी ठेवा आणि आमंत्रण त्यांच्या भाषेत जाऊ द्या. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात २००३ पासून 'कासा दे ला इंदिया' ही भारतीय संस्कृतीची संस्था आहे. अशा संस्थेकडे स्थानिक प्रेक्षक आधीच असतो. भाषा तर शिकावीच लागते, नेमून दिलेल्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत.

मंत्रालयाला टिपण पाठवताना समोरचा काय म्हणाला आणि तुम्हाला काय वाटलं, यांचे परिच्छेद वेगळे ठेवा. दोन्ही मिसळलं की दिल्लीत चुकीचा निर्णय होऊ शकतो. विरोधी पक्षाच्या लोकांना भेटायला हरकत नाही, पण राजदूतांना कळवून. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं ४१ वं कलम अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं.

दूतावासातल्या कॉन्सुलर विभागाला, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामं पाहणाऱ्या विभागाला, कमी लेखू नका. परक्या देशात आपला माणूस वारला की मृत्यूचा दाखला, शव टिकवल्याचं प्रमाणपत्र, स्थानिक प्रशासनाचा ना-हरकत दाखला आणि रद्द केलेला पासपोर्ट एवढं जमल्याशिवाय मृतदेह विमानात चढत नाही. यातली बरीचशी कागदपत्रं स्थानिक कार्यालयांतून येतात. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच नागरी नोंदणी कार्यालय, विमानतळाचा मालवाहतूक विभाग आणि पोलिसांचा परदेशी नागरिकांचा कक्ष यांना जाऊन भेटा, आणि सुट्टीच्या दिवशी चालणारा नंबर मागून घ्या. घरच्यांची ऐपत नसेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च करता येतो. त्याचा मंजुरीचा नमुना भरून तयार ठेवा, म्हणजे नाव आणि तारीख घातली की तो राजदूतांच्या सहीला जातो.